उद्यापन नसलेलं व्रत

रात्रीची भांडी घासून झाली, शेगडी पुसून झाली, की आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक पातेलं उरतं. त्यात कधी मटकी, कधी वाल, कधी कुळीथ. वर चार बोटं पाणी आणि झाकण म्हणून एखादी ताटली. सकाळी ताटली उचलली की दाणे टपोरे झालेले असतात आणि पाण्याचा रंग पालटलेला असतो. कुळथाचं पाणी तांबूस, हरभऱ्याचं पिवळट, राजम्याचं गढूळ गुलाबी, कडेला बारीक फेस. हे पाणी मोरीत ओतायचं आणि दाणे दोनतीनदा खळखळून धुवायचे, हे हाताला सांगावं लागत नाही. का ओतायचं, याला आमच्या घरी ‘वातूळ असतं’ एवढंच उत्तर होतं आणि ते पुरत असे. मात्र हेच कुळीथ शिजले की त्यांचं पाणी टाकणाऱ्या बाईला कोकणात कुणी सुगरण म्हणणार नाही. त्या पाण्यात आमसूल पडतं, त्यावर लसणीची फोडणी बसते, त्याचं कळण होतं. भिजवलेलं पाणी टाकायचं आणि उकडलेलं प्यायचं. दाणे तेच, पाणीही तेच. मधे फक्त विस्तव.

या मधल्या विस्तवाचा विचार मी करू लागले तो गहू माझ्या ताटातून गेल्यावर. सीलिअ‍ॅकचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला नियम एका ओळीत मावणारा होता: गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठते, आतड्याच्या अस्तरावरची बारीक लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागेनासं होतं. घरात सगळे हळहळले. पोळी नाही म्हणजे ही जेवणार काय? रोह्याच्या मावशीला मात्र त्यात हळहळण्यासारखं काही दिसलं नाही. “अगं, आमच्या लहानपणी पोळी सणावाराला. रोज आपली तांदळाची भाकरी. त्यात काय मेलं एवढं!”

मावशीचं खरंच होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्या आधारावर महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या आहेत. घावन, आंबोळी, थालीपिठाची भाजणी (गहू वगळून), उकडीचे मोदक, नाचणीचं सत्त्व, काही अडत नाही. आणि एकादशी तर माझी हक्काची झाली. वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा. ज्या दिवशी बाकीचे लोक उपास करतात, त्या दिवशी मी कुणाच्याही घरी न विचारता जेवू शकते.

गहू सोडणं सोपं, पण गव्हानं आपल्याला सोडणं अवघड. डबीतला हिंग घ्या. तो निव्वळ हिंग नसतो. मूळ डिंक इतका उग्र असतो की तो पिठात मळून सौम्य करतात, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. म्हणजे वरण तुरीचं, भात तांदळाचा आणि फोडणीत चिमूटभर गहू. मग गिरणी. ज्वारीचा डबा घेऊन गेलं की गिरणीवाला म्हणे, “थांबा ताई, गहू संपू दे, ज्वारीवर ज्वारी टाकतो.” हा शिष्टाचार गिरणीत जुनाच आहे, भाकरीच्या पिठात कणीक मिसळली की भाकरी नीट होत नाही म्हणून. पण मला तेवढ्यानं भागत नव्हतं. जात्याच्या पाळ्यांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, सगळीकडे गहू बसलेला. शेवटी घरघंटी आली आणि तिच्या आवाजाबरोबर शेजाऱ्यांची थोडी नाराजीही आली.

एवढं सगळं करून आतडं सुधारत होतं, तपासण्या तसं सांगत होत्या. पोट मात्र अधूनमधून कुरकुरत राहिलं. ग्लुटेन नसलेली म्हणून जी बिस्किटं, शेवया, पावाची पिठं घरात आली होती, त्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली तर गव्हाची जागा कुणी घेतली ते कळलं: सोयाबीन, हरभरा, बटाट्याचा स्टार्च, कुठे शेंगदाणा. गहू बाहेर गेला होता आणि त्या दारानं सगळी कडधान्यं आत आली होती, तीही पीठ होऊन. ना भिजवलेली, ना मोड आलेली, ना नीट शिजलेली. याच सुमारास अमेरिकेतल्या भाचीनं मला ‘द प्लांट पॅराडॉक्स’ हे पुस्तक पाठवलं. स्टीव्हन गंड्री या हृदयशल्यविशारदाचं हे पुस्तक 2017 साली आलं आणि त्यानं लेक्टिन हा प्रयोगशाळेतला शब्द तिकडच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडला.

लेक्टिन ही प्रथिनंच. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात, त्यांना ती नेमकी पकडतात. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. आपलं बी किड्यानं, जनावरानं खाऊ नये म्हणून त्यानं करून ठेवलेल्या बंदोबस्तातला हा एक भाग. त्याचा पहिला सुगावा 1888 साली लागला. डॉर्पाट म्हणजे आजच्या एस्टोनियातलं टार्टू, तिथल्या विद्यापीठात पीटर हर्मान श्टिलमार्क हा तरुण एरंडाच्या बियांवर प्रबंध लिहीत होता. बियांतला अर्क रक्तात मिसळला तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, हे त्यानं पाहिलं. त्या विषाचं नाव रायसिन. आपल्याकडे एरंड बांधावर उगवतो, त्याच्या तेलानं पोट साफ करतात. तेलात ते विष उतरत नाही, पेंडीत राहतं.

एरंडाच्या विषाची सख्खी बहीण गुंजेत राहते. लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेली ती देखणी बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असं या मुलखातलं सोनं तिनं तोललं. तिच्यातलं अ‍ॅब्रिन जिवावर बेतणारं आहे. पण कवच इतकं टणक की अख्खी गुंज सोनाराच्या पारड्यात निरुपद्रवी बसून राहते. फोडली, चावली तर गोष्ट वेगळी. आयुर्वेदानं तिला उपविषांत बसवलं, तरी टाकून दिलं नाही. दुधात किंवा कांजीत उकळून शुद्ध करायची आणि मग औषधात वापरायची, असा तिचा विधी सांगितला. विष आहे म्हणून वस्तू ओवाळून टाकायची नाही, तिच्यातलं विष उतरवायचं, हा विचार मला पातेल्यातल्या पाण्याच्या फार जवळचा वाटतो.

गंमत अशी की 1888 हेच साल माझ्या आजाराच्या वहीतही पहिल्या पानावर आहे. लंडनमध्ये सॅम्युएल गी या डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकचं आजच्या वैद्यकाला ओळखू येईल असं वर्णन त्या वर्षी छापलं. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण बरं व्हायचं तर ते खाण्यातूनच होईल हे त्यांनी ताडलं होतं. त्यांनी एका मुलाची हकीगत लिहून ठेवली आहे. त्याला रोज हॉलंडचे ताजे शिंपले खायला घातले आणि तो बाळसं धरू लागला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि मूल पुन्हा खंगलं. पुढच्या वर्षी त्याला ते शिंपले नकोसेच झाले. पुढे 1924 साली अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना गेलं. खरी गोष्ट उलगडली ती हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या हातून. गव्हाचा संशय त्यांना युद्धाआधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं सुकत असताना त्यांची ही आजारी मुलं मात्र तग धरत होती, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. शिंपल्यांत काही नव्हतं, केळ्यांतही नव्हतं. जे ताटात नव्हतं त्यात उत्तर होतं. पण ताटात जे नाही ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती शिंपले आणि केळी. माझ्या पोटाला बरं वाटलं की मीही आधी काय खाल्लं तेच आठवते.

लेक्टिनकडे परत यायचं तर, कुळथाबद्दल मला जे कळलं त्यानं माझा बसायचा पाटच बदलला म्हणायचा. ‘करंट सायन्स’ या आपल्याच देशातल्या नियतकालिकात 1951 साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी लिहिलं की कुळथाच्या अर्काला माणसाचं रक्त ओळखता येतं. ‘ए’ रक्तगटाच्या पेशी तो गोळा करतो, ‘बी’च्या नाही. आणि ‘ए’मध्येही ए1 आणि ए2 असे जे पोटगट आहेत, त्यांतला ए1 तो नेमका निवडतो. तेव्हापासून रक्तपेढ्यांत या तपासणीसाठी कुळथाचं लेक्टिन वापरतात. ज्याचं पिठलं आम्ही पावसाळ्यात मऊ भाताबरोबर ओरपतो, त्याला आमच्या रक्तातला एवढा बारीक भेद कळतो! राजम्याचंही तसंच. 1960 मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांना दिसलं की राजम्यातलं लेक्टिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना विभागायला लावतं. माणसाची गुणसूत्रं तपासणं त्यानंतर पुष्कळ सोपं झालं. ही प्रथिनं नुसती दुष्ट असती तर त्यांच्याविषयी लिहिणं सोपं होतं. ती फार हुशार आहेत, एवढाच त्यांचा दोष.

राजम्याची हुशारी पोटात मात्र परवडत नाही. कच्चे किंवा अर्धकच्चे चारपाच दाणेसुद्धा काही तासांत ओकाऱ्या आणि जुलाब आणायला पुरे होतात. खळखळून उकळलेल्या पाण्यात हे लेक्टिन दहा मिनिटांत मोडतं. खबरदारी म्हणून अर्धा तास उकळा, असं अमेरिकेचं अन्न-औषध खातं सांगतं. धोका असतो तो मंद आचेचा. भाचीच्या घरी विजेवरचं एक भांडं आहे. सकाळी त्यात सगळं टाकून कामावर जायचं, संध्याकाळी जेवण तयार. त्यात पाणी कोमट-गरम राहतं, उकळत नाही. दाणा मऊ होतो, लेक्टिन तसंच राहतं, उलट अशा आचेत त्याचा जोर वाढलेलाही आढळला आहे. आपल्याकडच्या कुकरमध्ये पाणी 100 अंशांच्या वर, 120 च्या आसपास जातं. म्हणून भाचीला फोनवर मी एवढंच सांगितलं, “आधी कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, मग ठेव तुझ्या त्या भांड्यात, दिवसभर ठेव हवं तर.”

आता गंड्रींची यादी. कडधान्यं नकोत, भुईमूग नको, काजू नको. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची नको, किंवा सालं काढून, बिया काढून. ज्वारी-बाजरी चालेल. यादी वाचली आणि मी आमच्या घरातल्या मिसळीकडे, भरल्या वांग्याकडे, दाण्याच्या कुटाच्या बरणीकडे पाहिलं. या मुलखाच्या जेवणातून हे सगळं काढलं तर उरतं ते भाकरी आणि मीठ. पुष्कळ संशोधकांचं म्हणणं असं की नीट शिजलेल्या अन्नात लेक्टिन नाममात्रच राहतं, आणि कडधान्यं खाणारी माणसं जगभर चांगली धट्टीकट्टी आहेत. मला दोन्ही बाजू कळतात. वैज्ञानिक सगळ्यांविषयी बोलत असतो आणि मी एका पोटाविषयी. त्या पोटाला जे सोसत नाही ते सोसत नाही, कारण लेक्टिन असो की आणखी काही.

आणि ते आणखी काही असतंही. कडधान्यांनी पोट फुगतं त्याचा मोठा वाटा त्यांतल्या न पचणाऱ्या साखरांचा असतो. आपल्या आतड्याकडे त्या तोडणारं विकर नाही. त्या तशाच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात, म्हणून वारा धरतो. भिजवलेल्या पाण्यात या साखरा बऱ्याचशा उतरतात, मोड येताना दाणाच त्या वापरून टाकतो. थोडंसं लेक्टिनही पाण्याबरोबर जातं, मोडांनी आणखी कमी होतं, उरलंसुरलं उकळीत संपतं. मावशीला यातलं एकही नाव ठाऊक नाही. ‘वातूळ’ या एका शब्दाखाली तिनं सगळ्यांना एकदमच मोरीची वाट दाखवली.

मावशीकडे कडव्या वालांचं बिरडं म्हणजे दोन दिवसांचं काम असतं. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे. गाठोडं उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की मोडांचा तो ओलसर, किंचित आंबूस वास. मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल दोन बोटांत धरायचा आणि दाबायचा. साल बोटांत राहतं, दाणा सुळकन पातेल्यात पडतो. सोलता सोलता गावातली लग्नं, मोडलेली लग्नं, कुणाच्या नारळावरून झालेली भांडणं, सगळं होतं. बोटांची टोकं सुरकुततात. पाणी, ऊब, वेळ, सोलणं, उकळणं: वालात जे जे नकोसं असेल त्याला निघून जायच्या इतक्या वाटा तिनं करून ठेवल्यात. मावशीचं बिरडं मला कधी बाधत नाही. अर्ध्या तासात ‘तयार’ होणाऱ्या पाकिटातली उसळ हमखास बाधते.

ग्लुटेनचं असं नाही. कणीक रात्रभर भिजवा, आंबवा, उकळा, भाजा, तळा. सीलिअ‍ॅकच्या माणसाला ती चालेल अशी होत नाही. गव्हातही लेक्टिन आहे, त्याच्या अंकुरात, आणि ते आचेनं मोडेलही; पण ग्लुटेन विस्तवाला दाद देत नाही. म्हणजे माझ्या ताटात दोन तऱ्हेचे नकार आहेत. एका नकारात वस्तू बाजूला ठेवायची. दुसऱ्यात वस्तू ठेवायची आणि तिच्यातलं काहीतरी काढायचं. हे दोन नकार एकमेकांत मिसळले की ताट आकसत जातं. गहू गेला, मग कडधान्य, मग टोमॅटो, मग शेंगदाणा. प्रत्येक वस्तू गेली की चार दिवस हुशारी वाटते, मग पुन्हा काही दुखतं, मग पुढच्या वस्तूचा नंबर. मी ओळखत असलेल्या एक बाई आता पाच पदार्थांवर आहेत आणि सहाव्याला घाबरतात. त्यांच्याकडे जेवायला गेलं की बोलणं फक्त जेवणाचंच होतं.

अशा वेळी मला चातुर्मास आठवतो. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, वांग्याची भाजी पोटभर खाऊन घ्यायची आणि मग कांदा, लसूण, वांगं बंद. ते बंद राहतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं की वांगं मार्गशीर्षात चंपाषष्ठीला परत येणार आहे. त्या दिवशी खंडोबाला भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवतात आणि घरोघरी वांगं भाजल्याचा खमंग धूर होतो. सोडण्याला तारीख होती, तशी धरण्यालाही होती. व्रत घेतलं की त्याचं उद्यापन करायचं, नाहीतर ते अपुरं राहतं, अशी समजूत त्यामागे होती. आजच्या आहारशास्त्राचे जाणतेही खरं तर हेच सांगतात: संशयित पदार्थ काही आठवडे बंद करा, मग एकेक करून परत आणा आणि पोट काय म्हणतं ते ऐका. पण लोक पहिलं अर्ध ऐकतात आणि तिथेच थांबतात. सोडण्यात एक दिमाख असतो. परत आणायला धीर लागतो, कारण परत आणलेली वस्तू बाधली तर दोष द्यायला दुसरं कुणी नसतं.

मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं सरळ विचारलं, “मग तुझ्या गव्हाचं उद्यापन कधी?” “कधीच नाही,” मी म्हटलं. पोटातल्या पोटात ग्लुटेन तोडून टाकणारी विकरं शोधायचे प्रयत्न चालू आहेत, हेही सांगितलं. तिनं मान हलवली, वाल सोलत राहिली आणि म्हणाली, “एक जन्मभराचं असलं तर असू दे. त्याच्या नादानं बाकीची नको लावून घेऊस.”

त्याप्रमाणे माझं एकेक परत येतं आहे. टोमॅटो आला, सालासकट. वांगं त्याच्या मानाच्या दिवशी आलं. कुळीथ कधी गेलेच नव्हते. राजमा येतो तो कुकरमधूनच. सोयाबीन गेलं ते गेलंच, त्याची आठवणही कुणाला येत नाही. अडलंय ते शेंगदाण्याशी. त्याचं लेक्टिन ओल्या आचेनं जितकं मोडतं तितकं कोरड्या भाजण्यानं मोडत नाही, असं म्हणतात; उकडलेल्या शेंगा मला चालतात आणि चटणीबद्दल पोट आज एक सांगतं, उद्या दुसरं. परवा बाधली ती चटणी, की तिच्या आधीचं जागरण, की नुसती धास्ती, हे मला सांगता येत नाही. संक्रांत तोंडावर आली आहे आणि तिळगुळात दाण्याचं कूट घालायचं की नाही, ते ठरायचं आहे. निव्वळ तिळाचे लाडूही चांगले होतात, असं माझं मत. मावशीला ते मुळीच मान्य नाही.